मुक्तस्रोत सॉफ्टवेअरने कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण: पहिल्यांदा जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

संस्थेचे व्याख्यान, वार्षिक सभा, गायनाची बैठक किंवा दिवसभराचे चर्चासत्र सभागृहात येऊ न शकलेल्या लोकांपर्यंत त्याच वेळी पोहोचवायचे असेल, तर त्यासाठी सशुल्क सॉफ्टवेअर घेण्याची गरज नाही. ओबीएस स्टुडिओ हे २०१२ पासून विकसित होत असलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सवर चालते, आणि ते विनामूल्य असूनही संस्थांच्या कार्यक्रमांना लागणारे जवळपास सर्व काही त्यात आहे. अडचण सॉफ्टवेअर मिळवण्यात नसते. कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, हे कोणी सांगत नाही, ही खरी अडचण असते.

प्रक्षेपणाचा मार्ग एकदा समजून घ्या. कॅमेऱ्याचे चित्र आणि ध्वनिव्यवस्थेचा आवाज लॅपटॉपमध्ये येतो. ओबीएस ते एकत्र करून दाबून लहान करते, यालाच एन्कोडिंग म्हणतात. तो एकच प्रवाह तुमच्या इंटरनेट जोडणीवरून सर्व्हरकडे जातो. आणि सर्व्हर त्याच्या प्रती करून प्रत्येक प्रेक्षकाला पाठवतो. काही बिघडले की या मार्गावरच्या नेमक्या कोणत्या टप्प्यावर बिघडले, हे शोधता आले पाहिजे. पुढच्या पायऱ्यांत ओबीएस बरेच उशिरा येते, आणि ते मुद्दाम तसे ठेवले आहे, कारण प्रक्षेपणे फसतात ती बहुधा आवाजामुळे आणि इंटरनेटमुळे.

१. कार्यक्रमाची जागा आधी पाहून या

कार्यक्रम ज्या वेळी होणार असेल, शक्यतो त्याच वेळी जागेवर जा. दुपारी रिकामे असलेले इंटरनेट संध्याकाळी भरलेले असू शकते, आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडाचेही तसेच आहे. कॅमेरा जिथे उभा राहणार तिथेच लॅपटॉप ठेवून अपलोडचा वेग मोजा. डाउनलोडचा आकडा येथे कामाचा नाही. मोजणी एकदाच करून थांबू नका. दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने पुन्हा मोजा आणि आलेल्या आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा खरा माना.

जोडणी केबलने घ्या. सभागृह माणसांनी भरले की प्रत्येकाच्या खिशातला फोन वायफायच्या त्याच लहरींवर येतो आणि रिकाम्या सभागृहात उत्तम चाललेले वायफाय ऐन वेळी लटपटू लागते. केबल अशक्यच असेल, तर मोबाइल डेटावर चालणारा स्वतंत्र राउटर खिडकीजवळ ठेवून तिथून लॅपटॉपपर्यंत केबल टाका. केबलचा पर्याय असताना प्रक्षेपण निव्वळ वायफायवर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

याच भेटीत विजेची बटणे, कॅमेरा कुठे ठेवला तर लोक त्याच्यासमोरून ये-जा करणार नाहीत, आणि ध्वनियंत्रणेचा मिक्सर, म्हणजे सगळ्या माइकचे आवाज एकत्र करणारे यंत्र, कुठे असतो, हे पाहून घ्या. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीशी त्याच वेळी ओळख करून घ्या. कार्यक्रमाच्या दिवशी तुम्हाला सर्वांत जास्त मदत त्यांचीच लागणार आहे.

२. परवानग्या आणि कागदपत्रे

हे काम कंटाळवाणे वाटते आणि म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलले जाते. पुढील गोष्टी लेखी हातात असू द्या:

- वक्ते, गायक, वादक यांची प्रक्षेपणाला आणि मुद्रण (रेकॉर्डिंग) जपून ठेवण्याला संमती. या दोन संमती वेगळ्या आहेत. थेट दाखवायला हरकत नसलेल्या व्यक्तीला ते मुद्रण कायम उपलब्ध राहिलेले नको असू शकते.
- सभागृहाच्या व्यवस्थापनाची चित्रीकरणासाठी परवानगी.
- कार्यक्रमात वाजणाऱ्या मुद्रित संगीताबाबतचा निर्णय.
- लहान मुले मंचावर येणार असतील तर पालकांची संमती.
- कार्यक्रमपत्रिका, वक्त्यांच्या नावांचे अचूक लेखन आणि सादरीकरणाच्या फाइल.

संगीताबद्दल थोडे अधिक. यूट्यूबसारख्या सेवा हक्क राखीव असलेले संगीत यंत्रणेने ओळखतात. तसे आढळले तर प्रक्षेपणाच्या जागी स्थिर चित्र येऊ शकते किंवा प्रक्षेपण बंदही पडू शकते. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी सभागृहात लावलेली गाणीही मिक्सरमधून तुमच्याकडे येतात, हे लक्षात ठेवा आणि तोपर्यंत ओबीएसमधील तो आवाज बंद ठेवा. प्रेक्षकांसाठी प्रवेशद्वारावर चित्रीकरण होत असल्याची सूचना लावा आणि कॅमेऱ्यात न येणाऱ्या काही खुर्च्या राखून ठेवा.

३. साहित्य

- एक बऱ्यापैकी लॅपटॉप आणि त्याचा चार्जर.
- एचडीएमआय बाहेर देणारा कॅमेरा, ट्रायपॉड आणि कॅमेऱ्याला विजेवर चालवण्याची सोय.
- यूएसबी कॅप्चर कार्ड, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्र संगणकात आणणारे उपकरण. वेगळा ड्रायव्हर न लागणारे, म्हणजे संगणकाला साध्या वेबकॅमसारखे दिसणारे कार्ड निवडा. लिनक्सवर हा निकष विशेष महत्त्वाचा ठरतो.
- यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मिक्सरचा आवाज संगणकात आणणारे उपकरण, आणि मिक्सरपर्यंत पोहोचणारी एक्सएलआर (तीन पिनांची ध्वनी) केबल.
- कानावर पूर्ण बसणारे, वायरचे हेडफोन.
- नेटवर्क केबल, विजेचे एक्स्टेन्शन बोर्ड, चिकटपट्टी, आणि राउटरसाठी छोटा यूपीएस.

लॅपटॉपला बॅटरी असते, पण राउटरला नसते. क्षणभर वीज गेली तरी राउटर पुन्हा सुरू होऊन जोडणी मिळेपर्यंत काही मिनिटे जातात, म्हणून यादीतला यूपीएस आधी राउटरसाठी आहे.

कॅमेरा घेताना दोन गोष्टी तपासा. एचडीएमआयमधून बाहेर येणाऱ्या चित्रावर बॅटरीचे चिन्ह, वेळ वगैरे मजकूर येत नाही ना, आणि काही वेळाने कॅमेरा आपोआप बंद होत नाही ना. लांब एचडीएमआय केबल भरवशाची नसते, तर एक्सएलआर केबलवरून आवाज पुष्कळ अंतर सुखरूप जातो. त्यामुळे लॅपटॉप कॅमेऱ्याजवळ ठेवा आणि आवाजाची केबल लांबवर न्या, उलट करू नका.

४. आवाज: सर्वाधिक वेळ येथे द्या

दुरून पाहणारा माणूस थोडे अंधूक चित्र सहन करतो, पण शब्द कळेनासे झाले की तो निघून जातो. कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन सभागृहातला घुमारा, खोकला आणि खुर्च्यांची करकर हे सगळे वक्त्याच्या आवाजाइतक्याच निष्ठेने टिपतो, म्हणून आवाज मिक्सरमधूनच घ्या.

मिक्सरचा मुख्य आउटपुट सरळ घेणे सोपे वाटते, पण तो सभागृहासाठी जुळवलेला असतो. तबला किंवा ढोलकी सभागृहात आपल्याच जोरावर ऐकू येते, म्हणून ध्वनिव्यवस्थेत तिचा आवाज जेमतेम असतो; तोच मिश्र आवाज तुम्ही पाठवलात तर प्रेक्षकाला गाणे ऐकू येते आणि ताल जवळपास नाहीसा होतो. यावरचा उपाय म्हणजे मिक्सरवरच्या ऑक्झिलरी आउटपुटवर, ज्याला सगळे ‘ऑक्स’ म्हणतात, प्रक्षेपणासाठी वेगळे मिश्रण मागून घेणे. फक्त भाषणे असतील तर मुख्य आउटपुटही चालतो. त्याखेरीज प्रेक्षकांच्या दिशेने एक मायक्रोफोन ठेवून त्याचा आवाज हलकाच मिसळला, तर टाळ्या आणि दाद ऐकू येते आणि प्रक्षेपण कोरडे वाटत नाही.

मिक्सरची वायर लॅपटॉपच्या छोट्या गोल सॉकेटमध्ये घालू नका. ते सॉकेट मायक्रोफोनच्या क्षीण संकेतासाठी असते. मिक्सरचा जोरदार संकेत त्यात फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ववत होत नाही. ऑडिओ इंटरफेसच्या लाइन इनपुटवर तो घ्या. सतत घूं असा आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहा. घूं थांबली तर दोष विजेच्या दोन ठिकाणच्या अर्थिंगमधला आहे. मिक्सर आणि लॅपटॉप एकाच बोर्डावरून वीज घेतील असे करा किंवा मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स, म्हणजे दोन यंत्रांमधला थेट विद्युत जोड तोडणारी डबी, लावा.

ओबीएसच्या ऑडिओ मिक्सरमध्ये हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे दिसतात. बोलण्याचा आवाज उणे २० ते उणे ९ डेसिबलच्या पिवळ्या पट्ट्यात खेळता ठेवा आणि लाल पट्ट्यात तो टाळ्यांच्या कडकडाटातही क्वचितच जाऊ द्या. त्या आवाजावर लिमिटर नावाचा फिल्टर लावून त्याची मर्यादा उणे ३ डेसिबल ठेवली, तर माइक अचानक कोणी आपटला तरी प्रेक्षकाच्या कानाला त्रास होत नाही. पार्श्वध्वनी कमी करणारा नॉइज सप्रेशन फिल्टर भाषणाला उपयोगी आहे, मात्र गाण्याच्या वेळी तो बंदच करा, कारण तंबोऱ्याचा अखंड सूर त्याला गोंगाट वाटतो आणि तो त्यालाच पुसायला लागतो.

सॅम्पल रेट, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा नोंदला जातो तो आकडा, इंटरफेसवर, संगणकात आणि ओबीएसमध्ये सारखाच, ४८ किलोहर्ट्झ, ठेवा.

शेवटी ओठ आणि शब्द जुळवायचे. कॅप्चर कार्डातून चित्र थोडे उशिरा येते, त्यामुळे आवाज पुढे धावतो. कॅमेऱ्यासमोर आणि माइकजवळ एक टाळी वाजवून मुद्रित करा, मग चित्र आवाजाच्या किती फ्रेम (चित्रफितीतली एकेक स्थिर चित्रे) मागे आहे ते मोजा. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंदांची. चार फ्रेमचा फरक असेल तर ओबीएसच्या प्रगत ऑडिओ गुणधर्मांत सिंक ऑफसेट सुमारे १३३ भरा आणि टाळी पुन्हा वाजवून खात्री करा.

५. ओबीएसमध्ये मांडणी

ओबीएसमध्ये सीन म्हणजे प्रेक्षकाला दिसणारी एक चौकट, आणि सोर्स म्हणजे त्या चौकटीतला घटक: कॅमेरा, सादरीकरण, बोधचिन्ह, नावाची पट्टी. पहिल्या कार्यक्रमासाठी सहा सीन पुरेसे आहेत: ‘थोड्याच वेळात सुरू होईल’ असे स्थिर चित्र, केवळ कॅमेरा, केवळ सादरीकरण, सादरीकरणाच्या कोपऱ्यात वक्ता, समाप्तीचे चित्र, आणि ‘तांत्रिक अडचण, कृपया थांबा’ हे चित्र. शेवटचा सीन बनवायला विसरू नका.

सादरीकरण पडद्यावरून कॅमेऱ्याने टिपू नका. प्रोजेक्टरच्या उजळ पडद्यामुळे वक्ता काळोखात जातो आणि अक्षरेही धड दिसत नाहीत. फाइल आधीच मागून घेऊन ती लिबरऑफिसमधून तुमच्या यंत्रावर चालवा, किंवा वक्त्याच्या लॅपटॉपचा एचडीएमआय संकेत विभाजक लावून दुसऱ्या कॅप्चर कार्डात घ्या. कॅमेऱ्याचे स्वयंचलित फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स मंचावरचे दिवे लागल्यावर एकदा जुळवून बंद करा. चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले तर शटर विजेच्या वारंवारतेशी जुळवा: ५० हर्ट्झच्या विजेसाठी १/५०, ६० हर्ट्झसाठी १/६०.

स्टुडिओ मोड सुरू ठेवा. त्यात डावीकडे पुढचा सीन तयार करून पाहता येतो आणि तो तुम्ही सांगाल तेव्हाच उजवीकडे, म्हणजे प्रेक्षकांसमोर, जातो.

६. एन्कोडिंगचे आकडे

७२० ओळींचे, सेकंदाला ३० फ्रेमचे चित्र बहुतेक कार्यक्रमांना पुरते. त्यासाठी बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, चित्राला ३,००० आणि आवाजाला १६० केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट) ठेवा. नियंत्रण सीबीआर (बिटरेट कायम एकसारखा), कीफ्रेमचे (संपूर्ण चित्र असलेल्या फ्रेमचे) अंतर २ सेकंद. एवढ्यासाठी तुमचा अपलोड वेग कायम किमान ६ एमबीपीएस (६,००० केबीपीएस) मिळाला पाहिजे. आकड्याला आकडा जुळवून चालत नाही, जवळपास दुपटीची मोकळीक लागते. डेटा तासाला सुमारे १.४ जीबी खर्च होतो. १०८० ओळींसाठी साधारण ४,५०० केबीपीएस लागतात. वेग जेमतेम असताना मोठ्या चित्राचा मोह करू नका, कारण अडखळणाऱ्या मोठ्या चित्रापेक्षा अखंड चालणारे लहान चित्र प्रेक्षकाला अधिक काही देते.

लॅपटॉपमध्ये इंटेल क्विकसिंक किंवा एनव्हिडिया एनव्हीएन्क हा ग्राफिक्स चिपमधला एन्कोडर असेल तर तो निवडा, प्रोसेसरवरचा भार उतरतो. नसेल तर प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ हा एन्कोडर घेऊन प्रीसेट ‘व्हेरीफास्ट’ ठेवा. प्रगत सेटिंग्जमध्ये नेटवर्क मंदावल्यास बिटरेट आपोआप कमी करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा.

याच्या जोडीला लॅपटॉपवर मुद्रणही करा. इंटरनेट पूर्ण तुटले तरी कार्यक्रम हातात राहतो. मुद्रणाची फाइल एमकेव्ही स्वरूपात असू द्या. साध्या एमपी४ मुद्रणात मध्येच संगणक बंद पडला तर अख्खी फाइल निकामी होऊ शकते, एमकेव्हीत तोपर्यंतचा भाग वाचतो. फाइल नंतर ओबीएसमधूनच रिमक्स करून, म्हणजे पुन्हा एन्कोडिंग न करता, एमपी४ होते. मुद्रणात सहा ध्वनिपथ वेगळे ठेवता येतात, तेव्हा मिक्सर आणि प्रेक्षकांचा माइक वेगवेगळ्या पथांवर घ्या.

७. प्रवाह कुठे पाठवायचा

तीन वाटा आहेत. यूट्यूबसारखी व्यापारी सेवा प्रेक्षकसंख्येची चिंता मिटवते, मात्र नव्या वाहिनीवर थेट प्रक्षेपण सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो. आदल्या रात्री खाते उघडणारे येथेच अडकतात.

दुसरी वाट ओनकास्टची. हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालते, सोबत गप्पांची चौकट देते आणि प्रेक्षकाला खाते उघडायला लावत नाही. येथे हिशेब मात्र स्वतः करावा लागतो. वरच्या आकड्यांप्रमाणे १०० प्रेक्षक एकाच वेळी पाहत असतील तर सर्व्हरमधून सुमारे ३१६ एमबीपीएस बाहेर जातात आणि तासाला १४२ जीबी डेटा होतो; सर्व्हर भाड्याने घेताना हीच मर्यादा विचारा. छोट्या सर्व्हरवर एकाच प्रवाहाच्या अनेक गुणवत्ता तयार करायला लावल्या तर प्रोसेसर दमतो, म्हणून सुरुवातीला एक किंवा दोनच ठेवा. ओनकास्ट बसवताना आलेला मूळचा पासवर्ड आणि मूळची स्ट्रीम की, म्हणजे ओबीएसला त्या सर्व्हरवर प्रवाह पाठवू देणारा गुप्त संकेत, सर्वांना ठाऊक असतात. दोन्ही लगेच बदला.

तिसरे पीअरट्यूब. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात थेट प्रक्षेपण आहे, आणि प्रेक्षकांचे ब्राउझर चित्रफितीचे तुकडे एकमेकांना देत असल्याने सर्व्हरवरचा भार काहीसा हलका होतो. संस्थेला आपल्या चित्रफितींचे कायमचे भांडार हवे असेल तर मला हीच वाट सर्वांत योग्य वाटते. एखाद्या विश्वासू संस्थेच्या सर्व्हरवर जागा मिळाली तर स्वतःचा सर्व्हर सांभाळण्याचीही गरज उरत नाही.

दोन ठिकाणी एकाच वेळी पाठवायचे असेल तर अपलोड दुप्पट लागतो, हे विसरू नका.

८. रंगीत तालीम

सर्व साहित्य जोडून, खरोखर त्याच जागेवर, खाजगी दुव्यावर निदान अर्धा तास प्रक्षेपण चालवा. पाच मिनिटांच्या चाचणीत लॅपटॉप तापत नाही, बॅटरी उतरत नाही, स्क्रीनसेव्हर येत नाही. अर्ध्या तासात यांतले बरेच उघड होते. लॅपटॉपची निद्रावस्था, स्वयंचलित अद्यतने आणि सूचना बंद करा. डिस्कवर जागा किती आहे पाहा.

तालमीत एकाने दुसऱ्या ठिकाणी बसून, वेगळ्या इंटरनेटवर, हेडफोन लावून पूर्ण वेळ पाहिले पाहिजे. तुमच्या लॅपटॉपवरच ब्राउझरमध्ये प्रक्षेपण उघडले तर त्याचा आवाज ‘डेस्कटॉप ऑडिओ’मधून पुन्हा प्रक्षेपणात शिरतो आणि काही सेकंद मागे असलेला प्रतिध्वनी सर्वांना ऐकू येतो. तो डेस्कटॉप ऑडिओ लागत नसेल तर सेटिंग्जमधून काढूनच टाका.

९. प्रत्यक्ष कार्यक्रम

वेळेच्या पंधरा मिनिटे आधी ‘थोड्याच वेळात’ या सीनवर प्रक्षेपण सुरू करा आणि मुद्रणही तेव्हाच सुरू करा. एका व्यक्तीने सीन बदलायचे, दुसरीने हेडफोन लावून फक्त आवाज ऐकायचा आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचायच्या. दोन्ही कामे एकाकडे दिली की आवाजाकडेच दुर्लक्ष होते.

ओबीएसची स्टॅट्स खिडकी उघडी ठेवा. तिथे फ्रेम गळण्याचे तीन वेगळे आकडे असतात आणि नवखी माणसे तिन्हींवर एकच औषध देतात. नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम वाढत असतील तर दोष इंटरनेटचा आहे, बिटरेट कमी करा. एन्कोडिंगमुळे वगळलेल्या वाढत असतील तर एन्कोडरला काम झेपत नाही. लॅपटॉपवरची इतर सॉफ्टवेअर बंद करा, नाहीतर चित्र लहान करा. रेंडरिंगमुळे, म्हणजे चौकट रचताना, चुकलेल्या वाढत असतील तर ग्राफिक्सवर ताण आहे. हलणारी चित्रे आणि अनावश्यक सोर्स काढा. कारण न पाहता राउटर बंद-चालू करण्यात चांगले चाललेले प्रक्षेपणही तुटते.

अडचण आलीच तर आधी ‘तांत्रिक अडचण’ हा सीन लावा, मग शोध घ्या. स्ट्रीम की असलेली सेटिंग्जची खिडकी कोणाच्या कॅमेऱ्यासमोर किंवा प्रक्षेपित होणाऱ्या पडद्यावर उघडू नका. ती की ज्याच्या हाती लागेल तो तुमच्या नावाने प्रक्षेपण करू शकतो.

१०. कार्यक्रम संपल्यावर

प्रेक्षक तुमच्यापेक्षा १० ते ३० सेकंद मागे असतात, म्हणून आभार संपताच बटण दाबू नका. समाप्तीचे चित्र मिनिटभर राहू द्या, मग प्रक्षेपण थांबवा आणि सर्वांत शेवटी मुद्रण. फाइल तिथेच उघडून पाहा आणि सभागृह सोडण्याआधी तिची दुसऱ्या डिस्कवर प्रत करा. ओनकास्ट मुद्रण जपून ठेवत नाही, त्यामुळे तो मार्ग निवडला असेल तर तुमच्याकडची फाइल हीच एकमेव प्रत असते. पुढचे-मागचे रिकामे भाग कापण्यासाठी लॉसलेसकट हे मुक्तस्रोत साधन पुरते; ते पुन्हा एन्कोडिंग करत नसल्याने गुणवत्ता घटत नाही.

पुढचा कार्यक्रम दुसरे कोणी सांभाळणार असेल तर ओबीएसमधून सीन कलेक्शन (सीनची मांडणी) आणि प्रोफाइल (एन्कोडिंग व प्रक्षेपणाच्या सेटिंग्ज) निर्यात करून द्या, सोबत मिक्सरवरचे ऑक्सचे ठिकाण, सिंक ऑफसेटचा आकडा आणि जागेवर मोजलेला अपलोड वेग लिहून द्या. निर्यात केलेल्या प्रोफाइलमध्ये स्ट्रीम कीसुद्धा जाते, तेव्हा ती फाइल कोणालाही पाठवण्यापूर्वी प्रोफाइलमधून की काढा आणि सेवेच्या नियंत्रण पानावर जाऊन नवी की तयार करा.